खिशातला कॅमेरा की पाण्यातला?

कॅमेरा म्हणजे मुळात एक अंधारी पेटी. पेटीला पुढे एक भोक, भोकात भिंग आणि मागच्या भिंतीवर प्रतिमा टिपणारा पृष्ठभाग. पूर्वी या पृष्ठभागाच्या जागी फिल्म असे, आता सिलिकॉनचा संवेदक असतो. पेटी मात्र तीच आहे. या पेटीकडून आपण दोन गोष्टी मागतो. प्रकाश भरपूर आत आला पाहिजे आणि प्रकाशाखेरीज दुसरे काहीही आत येता कामा नये. धूळ नको, वाळू नको आणि पाणी तर मुळीच नको. ऐकायला या मागण्या साध्या वाटतात. पण खिशात मावेल एवढ्या लहान पेटीत दोन्ही एकाच वेळी पुऱ्या करायला गेलो, की त्या एकमेकींच्या वाटेत येतात.

म्हणूनच छोट्या कॅमेऱ्यांच्या दोन जाती झाल्या. एक कॉम्पॅक्ट. याचे बटण दाबले, की समोरून दुर्बिणीसारखी नळी बाहेर येते आणि बंद केला, की ती गोगलगायीच्या शिंगांसारखी आत जाते. दुसरा दणकट, जलरोधक कॅमेरा. याच्या पुढे नळी नसते, कोपऱ्यात फक्त काचेची एक गोल खिडकी असते. झूम केले तरी बाहेरून काहीही हलताना दिसत नाही. हा पाण्यात बुडवता येतो आणि हातातून पडला तरी सहसा बिघडत नाही.

यांतला कोणता घ्यावा, असा प्रश्न एका शाळेच्या निसर्ग मंडळाने अलीकडे माझ्यापुढे ठेवला. शाळेत मोबाइल फोन आणायला बंदी आहे आणि एका माजी विद्यार्थ्याने एका कॅमेऱ्यापुरते पैसे दिले आहेत. एकदा घेतला, की पुढची पाच-सात वर्षे दुसरा मिळणार नाही. मंडळाचे काम दोन प्रकारचे. दर महिन्याला ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरच्या खडकांत उरलेली ठराविक चार डबकी पाहायची आणि त्यांतील समुद्रफुले, खेकडे, शंख यांची छायाचित्रे घ्यायची. शिवाय पावसाळ्यात गावाबाहेरच्या कातळसड्यावर रात्री बेडूक पाहायला जायचे. वर्षभरातले छायाचित्र महिन्याच्या महिन्याला जोडून पाहिले, की डबक्यात काय बदलले ते कळते. मधला एखादा महिना हुकला, तर ती ओळ तुटते. म्हणजे कॅमेरा ऐन वेळी बंद पडता कामा नये आणि चित्रही ओळखू येईल इतके स्पष्ट हवे.

मंडळात दोन तट पडले होते. एक तट मेगॅपिक्सेल मोजत होता, दुसरा किती मीटर खोल जातो ते मोजत होता. माझ्या मते दोन्ही तट चुकीची गोष्ट मोजत होते.

परात आणि फुलपात्र

पावसात अंगणात एक परात आणि एक फुलपात्र ठेवा. परातीत जास्त पाणी पडेल, हे सांगायला भौतिकशास्त्र लागत नाही. भांड्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ जितके मोठे तितके पाणी जास्त. कॅमेऱ्यात हे तोंड म्हणजे भिंगाचे छिद्र. भिंगावर एफ १.८, एफ २ असे आकडे लिहिलेले असतात. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले, की हा आकडा मिळतो. तेव्हा उलट नाभीय अंतराला एफच्या आकड्याने भागले, की छिद्राचा व्यास हाती येतो.

दोन खरे कॅमेरे घेऊ. सोनीचा आरएक्स १०० हा कॉम्पॅक्ट २०१२ साली आला. झूम न करता त्याचे नाभीय अंतर १०.४ मि.मी. आणि एफ आकडा १.८. भागाकार करा, व्यास ५.८ मि.मी. येतो. ऑलिंपसचा टीजी ६ हा जलरोधक कॅमेरा २०१९ साली आला. त्याचे नाभीय अंतर ४.५ मि.मी. आणि एफ आकडा २. व्यास २.२५ मि.मी. दोन्ही कॅमेऱ्यांना समोरचे दृश्य जवळजवळ सारखेच रुंद दिसते. एफचे आकडेही १.८ आणि २, म्हणजे पाहताना शेजारी-शेजारी वाटतात. पण छिद्रांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढले तर ते ६.६ येते! एकाच दृश्यातून, एकाच वेळात, पहिला कॅमेरा दुसऱ्याच्या साडेसहापट प्रकाश गोळा करतो.

भर उन्हात याचा काही फरक पडत नाही. फुलपात्रदेखील मुसळधार पावसात भरतेच. फरक पडतो तो स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर, संध्याकाळी झाडीत, देवळाच्या गाभाऱ्यात. पहिल्या कॅमेऱ्याला जिथे सेकंदाचा तिसावा भाग पुरतो, तिथे तेवढाच प्रकाश गोळा करायला दुसऱ्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात नाचणारी मुलगी हात हलवते आणि चित्रात हाताच्या जागी धूसर पट्टा उरतो.

वेळ न वाढवता संवेदकाने दिलेला विद्युत संकेतच मोठा केला तर? तेही करतात, पण मग चित्रात बारीक रव्यासारखे ठिपके दिसू लागतात. याचे कारणही पावसातच आहे. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन सारख्या फुलपात्रांत पडलेले थेंब मोजले, तर ते कधीच अगदी सारखे निघत नाहीत. प्रकाशही फोटॉनच्या थेंबांनी येतो. सरासरी १०० फोटॉन येणार असतील, तर त्यात साधारण १० इकडेतिकडे होणार, म्हणजे १० टक्के. सरासरी १०,००० येणार असतील, तर फरक १००चा, म्हणजे फक्त १ टक्का. वर्गमुळाचा हा नियम कोणत्याही कंपनीला मोडता येत नाही. साडेसहापट प्रकाश मिळाला, तर चित्राची स्वच्छता सुमारे अडीचपट सुधारते. मेगॅपिक्सेलचा आकडा यात कुठेच आला नाही, हे लक्षात घ्या. परातीत आडव्या-उभ्या भिंती घालून तिचे २ कोटी कप्पे केले, म्हणून परातीत पाऊस जास्त पडत नाही.

नळी बाहेर का येते

मग जलरोधक कॅमेऱ्यालाच मोठे छिद्र का देत नाहीत? इथे खरी अडचण सुरू होते.

छिद्र मोठे आणि एफ आकडा तोच ठेवायचा, तर नाभीय अंतर वाढते. नाभीय अंतर वाढले आणि दृश्याची रुंदी तीच हवी असली, तर प्रतिमा मोठी पडते आणि ती टिपायला संवेदकही मोठा लागतो. वरच्या कॉम्पॅक्टचा संवेदक १३.२ × ८.८ मि.मी. आहे, तर जलरोधकाचा ६.१७ × ४.५५ मि.मी. क्षेत्रफळात चौपटीहून अधिक फरक. मोठा संवेदक म्हणजे मोठी भिंगे आणि भिंगे व संवेदक यांत जास्त अंतर. एवढे अंतर खिशात मावत नाही. म्हणून काम करताना नळी बाहेर काढायची आणि काम झाले, की आत ढकलायची. ही युक्ती जुनी आहे. जर्मनीत ऑस्कर बारनाक यांनी तयार केलेला लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला, त्याचे भिंगही असेच हाताने ओढून बाहेर काढायचे आणि फिरवून पक्के करायचे. कोटाच्या खिशात मावणारा चांगला कॅमेरा त्यामुळेच शक्य झाला.

पण सरकणाऱ्या नळीभोवती फट राहणारच. शिवाय नळी बाहेर येताना कॅमेऱ्याचे आकारमान वाढते आणि तेवढी हवा बाहेरून आत ओढली जाते. समजा, नळीचा व्यास ४ सें.मी. आणि ती ३ सें.मी. बाहेर येते. तर दर वेळी सुमारे ३८ घन सें.मी. हवा आत जाणार आणि बंद करताना बाहेर पडणार. लोहाराच्या भात्याचेच हे धाकटे भावंड! कोकणच्या किनाऱ्यावरच्या हवेत मिठाचे तुषार आणि बारीक वाळू असते. माझ्या एका सहकाऱ्याचा असा कॅमेरा किनाऱ्यावर नळी अर्धी बाहेर आलेली असतानाच अडकला. ती धड पुढे येईना की मागे जाईना. दुरुस्ती करणाऱ्याने नळी उघडली, तेव्हा आत वाळूचे दोन-चार कण निघाले. दुरुस्तीला मात्र दोन महिने लागले.

हीच नळी आता कल्पनेने पाण्यात नेऊ. पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलोग्रॅम वजनाइतके बल. १५ मीटर खोलीवर ते दीड किलोग्रॅम होईल. नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ साडेबारा चौ. सें.मी. धरले, तर नळीला आत दाबणारे बल जवळजवळ १९ किलोग्रॅम वजनाइतके झाले. हरभऱ्याएवढी मोटर ही नळी बाहेर ढकलणार कशी? आणि ढकललीच, तर बंद कॅमेऱ्यात बाहेरची हवा येऊ शकत नसल्यामुळे आत निर्वात होऊ लागेल आणि तीही नळीला मागे ओढील. बाहेर येणारी नळी आणि पाण्यातला कॅमेरा यांचे जमत नाही ते यामुळे.

प्रकाशाला वाकवणारा लोलक

यातून वाट काढली ती प्रकाशालाच वाकवून. २००२ साली मिनोल्टा कंपनीने डिमाज एक्स नावाचा चपटा कॅमेरा आणला. त्यात समोरून आलेला प्रकाश लोलकावर पडून काटकोनात खाली वळत असे आणि झूमची भिंगे कॅमेऱ्याच्या पोटात वर-खाली सरकत. तुम्ही प्रयोगशाळेत काटकोनी लोलकातून हे पाहिले असेल. काचेचा अपवर्तनांक १.५ असेल, तर क्रांतिक कोन सुमारे ४२ अंशांचा. ४५ अंशांनी पडलेला किरण बाहेर जाऊच शकत नाही, पूर्ण परावर्तित होतो. पाणबुडीच्या पेरिस्कोपमध्ये हेच होते. जलरोधक कॅमेऱ्यांनी ही रचना उचलली. सगळी हालचाल आत आणि बाहेर फक्त पक्की बसवलेली काच.

किंमत कुठे द्यावी लागली, ते मात्र चित्र काढून पाहण्यासारखे आहे. प्रकाश काटकोनात वळवला, की संवेदक कॅमेऱ्याच्या पाठीला समांतर राहत नाही, तो तळाशी आडवा पडतो. म्हणजे त्याची एक बाजू कॅमेऱ्याच्या जाडीत मावली पाहिजे. लोलक आणि भिंगे यांनाही त्याच जाडीत राहायचे असते. जाडी जेमतेम ३ सें.मी. त्यातून जाड भिंती, रबरी कडी, मागचा पडदा वजा करा. उरलेल्या जागेत छोटाच संवेदक आणि छोटेच छिद्र मावते. तेव्हा जलरोधक कॅमेऱ्याला अंधारात कमी दिसते, यात त्याच्या बनावटीचा हलगर्जीपणा नाही. बंद राहण्यासाठी त्याने दिलेली ती किंमत आहे.

हे मान्य नसणाऱ्यांनी वेगळा प्रयत्न करून पाहिला. सोनीचा आरएक्स शून्य हा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा कॅमेरा २०१७ साली आला. १० मीटर खोलीपर्यंत जलरोधक आणि तरीही संवेदक वरच्या कॉम्पॅक्टएवढाच मोठा. मग झाले ना काम? छिद्र मोजा. नाभीय अंतर ७.७ मि.मी., एफ आकडा ४. व्यास १.९ मि.मी. म्हणजे टीजी ६ च्या छिद्रापेक्षाही लहान! झूम गेले आणि अर्ध्या मीटरपेक्षा जवळचे स्पष्ट दिसणेही गेले. संवेदक मोठा म्हणून हुरळून जाणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. परसात मोठा हौद बांधला, पण त्यावर पन्हळ मात्र बारीक बसवली, तशातला हा प्रकार.

रबराचे कडे आणि एक केस

आता दुसऱ्या तटाच्या मीटरांकडे वळू. टीजी ६ साठी कंपनीने १५ मीटर खोली सांगितली आहे. निकॉनच्या २०१७ सालच्या कूलपिक्स डब्ल्यू ३०० या कॅमेऱ्यासाठी ३० मीटर सांगितली होती. डबक्यात हात बुडवून चित्रे घेणाऱ्यांना, फार तर नळी तोंडात धरून पृष्ठभागाशी पोहणाऱ्यांना, या दोन आकड्यांतील फरकाचा काय उपयोग? मीटरभर खोलीवर पाण्याचा दाब एका वातावरणाच्या दहाव्या भागाने वाढतो. बस्स.

तरी १५ मीटर म्हणजे काय, याचा अंदाज असू द्या. कॅमेऱ्याची पाठ ११ × ६.५ सें.मी. धरली, तर तिच्यावरचे बल शंभर किलोग्रॅम वजनाहून अधिक होते. पाठीवर पोते घेतलेला हमाल जणू कॅमेऱ्यावर उभा आहे. एवढ्या दाबाखाली पाणी आत शिरत नाही, ते बॅटरीच्या दाराभोवती बसवलेल्या रबराच्या कड्यामुळे. गंमत अशी, की पाण्याचा दाब दाराला आत ढकलतो आणि कडे आणखी घट्ट बसते. म्हणजे खोल गेल्यावर ते उलट चांगले काम करते. धोका असतो तो उथळ पाण्यात आणि कड्यावर पडलेल्या कचऱ्याचा. डोक्याचा एक केस साधारण मिलिमीटरच्या दहाव्या ते विसाव्या भागाएवढा जाड असतो. तो रबराखाली आडवा पडला, की त्याच्या दोन्ही अंगांना बारीक बोगदे तयार होतात. पाण्याला तेवढे पुरते. वाळूचा कण तर केसापेक्षा कितीतरी मोठा.

दुसरा धोका उन्हाचा आहे आणि तो फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. कॅमेरा खडकावर उन्हात तापून ४५ अंश सेल्सिअस झाला आणि तसाच २५ अंशांच्या पाण्यात टाकला, तर आतल्या हवेचा दाब कमी होतो. केल्व्हिनमध्ये हिशोब करा: २९८ भागिले ३१८, म्हणजे सहा टक्क्यांहून थोडी अधिक घट. एवढी घट म्हणजे सुमारे ६५ सें.मी. पाण्याचा दाब! वीतभर डबक्यात बुडवलेला कॅमेरा हातभराहून जास्त खोल पाण्यात असल्यासारखा पाणी ओढू लागतो. शिवाय आत कोंडलेल्या दमट हवेतील वाफ थंड काचेच्या आतल्या बाजूला धुक्यासारखी बसते आणि ती पुसता येत नाही. म्हणून बॅटरीचे दार शक्यतो कोरड्या खोलीत उघडावे. पावसात, किनाऱ्यावर, ओल्या हातांनी तर मुळीच नाही.

फोनवर आणि काही कॅमेऱ्यांवर आयपी ६८ असे लिहिलेले असते. यातला ६ धुळीचा आणि ८ पाण्याचा. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून कठीण परीक्षा, पण किती खोल आणि किती वेळ ते बनवणाऱ्याने ठरवायचे. ही परीक्षा स्थिर, गोड्या पाण्यात होते. नळाच्या जोरदार धारेची परीक्षा वेगळी असते. ८ मिळाला म्हणजे ती पास झाला, असे नव्हे. दहावीला गणितात पास झाला म्हणून भूगोलातही पास झाला, असे आपण धरतो का?

पडण्याबद्दल थोडक्यात. २.१ मीटरवरून पडलेला कॅमेरा सेकंदाला सुमारे ६.४ मीटर वेगाने जमिनीवर येतो. तो १ मि.मी. अंतरात थांबला, तर सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या २१०० पट होते, रबरी कोपरा ५ मि.मी. दबला तर ४२० पट. कंपन्या ही परीक्षा ५ सें.मी. जाडीच्या प्लायवूडवर घेतात. सह्याद्रीचा काळा पाषाण प्लायवूड नव्हे.

पाण्याखाली काय दिसते

बादलीतल्या पाण्याच्या तळाशी नाणे वर आल्यासारखे दिसते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्यामुळे सपाट काचेमागून पाण्यातली वस्तू पाऊण अंतरावर असल्यासारखी दिसते. कॅमेऱ्यालाही ती पाऊण अंतरावर, म्हणून तेवढी मोठी दिसते आणि दृश्याची रुंदी कमी होते. जवळ जाऊन हे भरून काढावे लागते. जवळ जाण्याला आणखी एक कारण आहे. पाणी लाल प्रकाश शोषते. पाच मीटर पाण्यातून गेल्यावर लाल प्रकाशाचा फार थोडा भाग उरतो आणि लाल मासा करडा दिसतो. फ्लॅश लावून हा रंग परत आणता येतो, पण गढूळ पाण्यात फ्लॅशचा प्रकाश मातीच्या कणांवरून उलटा परततो. आंबोलीच्या घाटात धुक्यात मोटारीचे मोठे दिवे लावल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते, तसेच होते. सिंधुदुर्गजवळच्या मालवण परिसराला १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित केले. तिथल्या पाण्यातही पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो. स्वच्छ पाणी पाहायचे तर हिवाळ्यात जावे.

डबक्यांच्या बाबतीत मात्र लहान संवेदकाचा एक अनपेक्षित फायदा आहे. नाभीय अंतर कमी असले, की पुढची-मागची बरीच खोली एकाच वेळी स्पष्ट येते. नखाएवढ्या खेकड्याचे डोळे आणि पाठ दोन्ही स्पष्ट हवी असतील, तर हे कामाचे. टीजी ६ आणि २०२३ साली आलेला टीजी ७ हे काचेपासून १ सें.मी. अंतरावरचेही चित्र घेतात. आरएक्स १००ला निदान ५ सें.मी. अंतर लागते. त्यातून पाण्याबाहेरून चित्र घेताना आकाशाचे प्रतिबिंब आडवे येते ते वेगळेच.

तिसरा मार्ग नाही का? आहे. कॉम्पॅक्ट कॅमेरा पारदर्शक जलरोधक पेटीत घालून पाण्यात नेता येतो, पण चांगली पेटी महाग असते आणि खिशात मावणारा कॅमेरा मग विटेएवढा होतो. जॅक-ईव्ह कुस्तो यांच्यासाठी बेल्जियमच्या जाँ दे वूटेर यांनी १९६० च्या सुमारास पेटीवाचून पाण्यात जाणारा कॅलिप्सो कॅमेरा तयार केला. १९६३ पासून तो निकोनॉस नावाने जपानमध्ये बनू लागला आणि २००१ पर्यंत बनत राहिला. पेटीचा कंटाळा त्यांनाही आला असावा. शाळेपुरता एक स्वस्त उपाय मी सुचवीन. प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ कापून तिथे सपाट काच सिलिकोनने पक्की चिकटवा. ही बादली डबक्यावर टेकवली, की लाटा आणि चकाकी दोन्ही जातात आणि आत धरलेल्या साध्या कॅमेऱ्याने तळाचे चित्र घेता येते. एकाने बादली दोन्ही हातांनी दाबून धरावी लागते, कारण पाणी तिला वर ढकलते.

मंडळाचे काय करायचे? सड्यावरच्या रात्रीचा प्रश्न अवघड होता, कारण तिथे प्रकाशही नसतो आणि कोरडेपणाही नसतो. पण प्रकाश आपण बरोबर नेऊ शकतो. हातभर अंतरावरच्या बेडकाला विजेरीचा उजेड चार सेकंद पुरतो, आणि त्याहून जास्त वेळ त्याच्या डोळ्यांवर धरूही नये. कोरडेपणा मात्र विजेरीसारखा पिशवीत घालून नेता येत नाही. छत्रीखाली उभे राहून तो तात्पुरता मिळतो, वारा सुटला की तोही जातो. म्हणून मी त्यांना जलरोधक कॅमेरा घ्यायला सांगितले. हेच मंडळ स्नेहसंमेलने, व्याख्याने किंवा सायंकाळच्या झाडीतले दूरचे पक्षी टिपणारे असते, तर मी मोठ्या छिद्राचा कॉम्पॅक्ट सुचवला असता. तिथे प्रकाश आपल्या हातात नसतो आणि पाऊस छपराबाहेर असतो.

आजकाल छोट्या कॅमेऱ्यांची बाजारपेठ आटली आहे. २०१० साली जपानी कंपन्यांनी सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते, २०२३ साली ८० लाखांहूनही कमी. बाकीची जागा मोबाइल फोनने घेतली. त्यामुळे पुष्कळ जण जुना कॅमेरा घेतात. जुना कॉम्पॅक्ट घेताना नळी दहा वेळा आत-बाहेर करून तिचा आवाज ऐका. करकर आली तर घेऊ नका. जुना जलरोधक कॅमेरा मात्र नवी रबरी कडी बसवून मिळेपर्यंत जलरोधक नाही, असेच समजा. रबर वयाबरोबर कडक होते आणि त्याला तडे जातात.

नव्या कॅमेऱ्याचीही पहिल्या दिवशी घरच्या बादलीत परीक्षा घ्यावी. दार बंद करण्यापूर्वी रबर बोटाने चाचपा आणि केस किंवा धागा दिसला तर मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून काढा. कॅमेरा बंद ठेवून सावकाश पाण्यात सोडा. दाराच्या फटीतून सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतील, ती बाहेरच्या खाचांत अडकलेली हवा. तिची काळजी नको. पण एकाच जागेतून बुडबुड्यांची माळ येत राहिली, तर ताबडतोब बाहेर काढा, दार खालच्या बाजूला धरून पुसा आणि त्याच दिवशी दुकानात परत न्या. समुद्रावरून आल्यावरही हीच बादली लागते. एक लीटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, ते वाळले की फटींत खडे होतात. अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, बटणे पाण्यातच दाबून मोकळी करा, सावलीत वाळवा आणि पूर्ण वाळल्यावरच दार उघडा.